ट्रकमधला टीव्ही आणि टपावरचा अँटेना

ट्रकमध्ये राहायचं तर कोणता टीव्ही घ्यावा, हे मला एकेकाळी पुष्कळ ड्रायव्हरांनी विचारलं. मी कोणालाच नाही म्हटलं नाही. विचारलं त्याला सांगितलं आणि नाही विचारलं त्यालाही सांगितलं. या विषयातला माझा अभ्यास असा, की त्यापायी एक बॅटरी जळाली, दोन टीव्ही गेले आणि नवऱ्याची नोकरी गेली.

मी आलापल्लीला राहते. शिक्षण चौथी. भाची म्हणाली, आत्या, दिवाळी अंकात लोक आपापल्या कामाबद्दल लिहितात, तूही लिही. म्हटलं, माझं काम म्हणजे चाकाखाली लाकूड घालणं, ते दोन ओळींत संपतं. मग टीव्हीचं आठवलं आणि वाटलं, एवढी मोठी चूक फुकट जाऊ नये. अक्षर माझं आहे, काना-मात्रा भाचीच्या.

बांबूच्या ट्रकवर मी सहा वर्षं क्लिनर होते. क्लिनर म्हणजे गाडी पुसणारा, असं घरात बसलेल्यांना वाटतं. पुसणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. गाडी थांबली की आधी उडी मारून चाकाखाली लाकडाचा गुटका लावायचा. टायरवर लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकायचा; ठण्ण वाजलं तर हवा आहे, भद्द वाजलं तर नाही. रेडिएटरला पाणी दाखवायचं. बांबूवर बांधलेले दोर जागोजागी ओढून पाहायचे. गाडी मागं घेताना बाजूला उभं राहून फळीवर थापा मारायच्या, दोन म्हणजे ये, एक म्हणजे थांब. स्टोव्हवर दोन वेळचा भात. आणि ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून सतत बोलत राहायचं. हे शेवटचं काम मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

ड्रायव्हर माझा नवराच होता, देवाजी. आमच्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही लग्नानंतर दहा वर्षं ‘अजी’वर भागवलं. पण दहा टन बांबू घेऊन गाडी मागं येत असते आणि मागं नाला असतो, तेव्हा ‘अजी, ऐकलं का’ म्हणून भागत नाही. “देवाजी, थांब!” असं पहिल्यांदा ओरडले, तेव्हा गाडीच्या आधी तो थांबला. घरी आलं की पुन्हा अजी.

आम्हाला लेकरं नव्हती. त्यामुळं मला गाडीवर जाता आलं. त्याबद्दल एवढंच.

आता मी क्लिनर का झाले ते. देवाजी ड्रायव्हर म्हणून चांगला होता. भामरागडकडून बांबू भरून निघाला की नाल्याच्या दगडांवरून गाडी अशी काढायचा, की मागच्या ताटलीतला भात हलत नसे. गाडी चालवताना त्यानं कधी थेंब घेतला नाही. अडचण गाडी थांबल्यावर होती. आमचा बांबू जायचा कागदाच्या कारखान्यात, चंद्रपूर जिल्ह्यात. फाटकाबाहेर ट्रकांची रांग. नंबर लागायला दोन दिवस, कधी चार. गाडी सोडून कुठं जाता येत नाही, कारण रांग केव्हाही दोन गाड्या पुढं सरकते, आणि तुम्ही सरकला नाहीत तर मागचा आत घुसतो. म्हणजे काम काही नाही आणि हलायचंही नाही. हाताला स्टिअरिंग नसलं की देवाजीच्या हाताला ग्लास लागायचा. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात तेव्हा दारूबंदी झाली होती. मिळायची, पण लपूनछपून. आष्टीचा पूल ओलांडून वैनगंगेच्या पलीकडं गेलं की चंद्रपूर जिल्हा. तिथं उघड दुकान, आणि ते नेमकं रांगेच्या अंगाला.

एका वर्षात तीन क्लिनर पळाले. पिऊन पडलेल्या ड्रायव्हरला उचलून गाडीत टाकायचं आणि वर मागच्या गाड्यांच्या शिव्या खायच्या, एवढं कोण करतं? शेवटी गाडीचा मालक चंद्रपूरहून आमच्या घरी आला. त्याला सगळे शेठ म्हणत. खाटेवर बसला, चहा घेतला आणि देवाजीकडं न पाहता माझ्याशी बोलला.

“बाई, तुमचा माणूस गाडीवर सोना हाय अन् रांगेत मट्टी हाय. एक डाव अजून मले रांगेत पिऊन दिसला, तं किल्ली घेतो. मंग माह्याकडं रडत येऊ नका.”

“रडत नाई येणार,” मी म्हटलं. “क्लिनरचा पगार आता कोणाले देता?”

“क्लिनरच नाई तं पगार कोणाले देऊ?”

“मले द्या.”

शेठ हसला. देवाजी हसला नाही.

पहिले सहा महिने मी पहारा केला. तो उतरला की मी उतरायची. तो झाडामागं गेला की मी झाडाच्या अलीकडं उभी. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, “देवाजी, इन्स्पेक्टर आला पाय तुह्या मागं.” असा पहारा केला की माणूस चिडतो, आणि चिडला की त्याला प्यायला कारण मिळतं. दोनदा तो माझ्या हातावर तुरी देऊन गेलाच. शेठनं पाहिलं नाही म्हणून वाचलो. तेव्हा मला वाटलं, याला केबिनमध्ये बसवून ठेवील असं काहीतरी पाहिजे. आणि मी ठरवलं, टीव्ही.

ट्रकसाठी टीव्ही घेताना पहिली गोष्ट पाहायची ती वीज. घरचा टीव्ही घरच्या विजेवर चालतो. ट्रकमध्ये बॅटरी असते. त्या काळी काळे-पांढरे छोटे टीव्ही मिळायचे, त्यांना पाठीमागं बॅटरीची वायर लावायला वेगळं भोक असायचं. मी चंद्रपूरच्या दुकानात जाऊन म्हटलं, भोकवाला दाखवा. दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं कोणी पुरुष आहे का ते पाहिलं. मग त्यानं दोन टीव्ही काढले. एक जेवणाच्या डब्याएवढा, एक चौदा इंची.

“बाई, गाडीसाठी हा बारका घ्या,” तो म्हणाला.

“याच्यात माणसाचं तोंड दिसलं तं पाय दिसणार नाई,” मी म्हटलं. “मोठा द्या.”

त्याचा धंदा होता आणि त्याला कळत होतं. माझा धंदा नव्हता, तरी मला जास्त कळत होतं.

मोठा टीव्ही केबिनमध्ये मावेना. काचेसमोर ठेवला तर रस्ता दिसेना. देवाजी म्हणाला, “मी गाडी चालवू का हे डबडं चालवू?” जुन्या ट्रकमध्ये दोन सीटच्या मधोमध इंजिनाचा उंचवटा असतो, त्यावर पत्र्याचं बोनट. त्यावर ठेवला. गोंडपिपरीपर्यंत इंजिनाच्या आचेनं टीव्हीचं मागचं झाकण पापडासारखं वाकलं. मग मागच्या फळीवर दोरानं आवळला. दोन खड्ड्यांत आतली कुठलीतरी तार सुटली आणि चित्र उभ्याचं आडवं झालं. ते नीट करून घेतलं, आणि शेवटी मला जे येत होतं ते केलं. केबिनच्या छताला मागं दोन आकडे होते. त्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली, लेकरांना बांधतात तशी, आणि टीव्ही तिच्यात ठेवला. खड्डा आला की तो झुलायचा, आदळायचा नाही. वर्षानुवर्षं त्याची एक तार सुटली नाही. माझ्या डोक्यातून निघालेली एवढीच एक गोष्ट बरोबर होती.

रांगेतले ड्रायव्हर खिडकीतून डोकावून विचारायचे, “क्लिनरबाई, लेकरू झोपलं का?”

“झोपलं,” मी म्हणायची. “तुह्यावानी बोंबलत नाई.”

आता बॅटरी. ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून चोवीस करतात, कारण एवढं मोठं इंजिन चालू करायला चोवीस लागतात. टीव्हीला लागतात बारा. मी विचार केला, दोनपैकी एकीतूनच वायर घेतली तर बारा झाले. चौथीपर्यंतच्या गणितात हे बरोबर आहे. वायर मीच लावली. दोन फेऱ्या छान चालला. तिसऱ्या फेरीत तीन दिवस रांगेत टीव्ही पाहिला, नंबर पुकारला, देवाजीनं किल्ली फिरवली आणि गाडी एकदा कण्हून गप्प झाली. एक बॅटरी टीव्हीनं खाऊन टाकली होती, दुसरी भरलेली. जोडीतला एक बैल उपाशी ठेवला तर गाडी काय दोघं मिळून ओढतात?

फाटकासमोर, कारखान्याच्या माणसांसमोर, बांबूनं भरलेला ट्रक ढकलायला पंधरा-वीस ड्रायव्हर लागले. ट्रक हलला नाही. त्यांच्यात अहेरीचे रशीदभाई होते. आमच्याच मार्गावर चालायचे, तोंड कधी बंद नसायचं. ते मागून ओरडले, “बाई, तीन दिवस टीव्हीत काय काय पाह्यलं ते तं सांगा! ऐकून जरा जोर येईल!”

शेवटी त्यांच्याच ट्रकला साखळी लावून आमची गाडी ओढून चालू केली. तोवर मागच्या चार गाड्या पुढं गेल्या. आणि जिच्यातून वायर घेतली नव्हती ती बॅटरी पुढं जास्त भरून भरून उकळून मेली. चंद्रपूरच्या बॅटरीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, टीव्हीसाठी तिसरी बॅटरी वेगळी ठेवा, दर फेरीले माह्याकडून भरून न्या. अन् गाडीच्या बॅटरीले हात लावू नका. तुमाले माही शपथ हाय.” ट्रकमध्ये टीव्ही घेणाऱ्याला हा सल्ला मी आजही देईन, कारण तो माझा नाही.

राहिला अँटेना. तेव्हा चित्र हवेतून यायचं. आलापल्लीच्या सागवानात टीव्हीच्या डोक्यावरच्या दोन काड्यांना नुसत्या मुंग्या दिसायच्या. पूल ओलांडून कारखान्याजवळ गेलं की चित्र यायचं, पण पत्र्याच्या केबिनमध्ये तेही पुसट. म्हणजे जिथं दारू उघड मिळत नव्हती तिथं चित्र नव्हतं, आणि जिथं चित्र होतं तिथं दारूचं दुकान होतं. मी अॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आणला, माशाच्या काट्यासारखा दिसणारा, आणि बांबूला बांधला. बांबू कुठून आणला ते विचारू नका. गाडीत दहा टन होते. रस्त्यावर तो बांबूच्या भाऱ्यावर आडवा पडलेला असायचा. रांगेत लागलो की देवाजी केबिनच्या टपावर चढून तो उभा करायचा.

आणि हा अँटेना खराब निघाला. कधी एका जागी टिकलाच नाही. चित्र आलं म्हणेपर्यंत जायचं. देवाजी वर, मी खाली टीव्हीसमोर, आणि दिवसभर आमचं हेच.

“आलं का वं?”

“थोडं डावीकडं!”

“आता?”

“गेलं! उजवीकडं घे! अजी, इतकं नाई, थोडंसं! बस! बस म्हटलं ना! गेलं पुन्हा!”

“तू बस म्हणतेस अन् मंग गेलं म्हणतेस. आधी ठरव.”

रांग सरकली की चित्र पुन्हा जायचं. त्यासाठी त्याला खाली उतरवणं म्हणजे वेळ जायचा, म्हणून मी पहिल्या गिअरमध्ये गाडी दहा-बारा हात पुढं घ्यायला शिकले. देवाजी टपावर अँटेना धरून उभा आणि खाली मी स्टिअरिंगवर, असे आम्ही फाटकाकडं सरकायचो. आजूबाजूचे लोक कामं सोडून पाहायचे. रविवारी क्रिकेटचा सामना असला की वीस-पंचवीस ड्रायव्हर आमच्या बंपरवर, बाजूच्या ट्रकच्या टपावर, काचेतून आत पाहत बसायचे. कोणी ओरडायचं, “देवाजीभाऊ, बॉल दिसून नाई राह्यला!” आणि देवाजी वरून म्हणायचा, “थांबा ना राजेहो, फिरवून राह्यलो.” डॉक्टरला हाक मारावी तशी त्याला हाक मारायचे. तोही डॉक्टरसारखाच वेळ लावायचा.

प्यालेला माणूस टपावर उभा राहू शकत नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तेव्हा मला वाटत होतं, देवाजी टीव्हीमुळं थांबला. खरं तर टीव्ही पाहत होते मी. त्याच्या वाट्याला टीव्हीची पाठही येत नव्हती.

एकदा त्याला वर उन्हानं चक्कर आल्यासारखं झालं. मी त्याला खाली बोलावून पाणी दिलं, तेवढ्यात रशीदभाई वर चढले. त्यांनी अँटेना एकदाच फिरवला. खाली चित्र असं आलं, की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानातले मोजता यावेत. पुढचा तासभर ते हललं नाही. मी म्हटलं, वारा पडला म्हणून. देवाजी पाणी पीत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “पाहून येतो जरा,” आणि वर गेला. चित्र गेलं.

अशी चार-पाच वर्षं गेली. रांगेत तो पिऊन पडला नाही. शेठ दोनदा अचानक आला. दोन्ही वेळा त्यानं रांगेच्या टोकापासून पाहिलं तर देवाजी टपावर. “काय देवाजी, हवा खाऊन राह्यला का?” दुसऱ्यांदा तर शेठ जाताना मला म्हणाला, “बाई, तुमी माही गाडी वाचवली.” मी तीन दिवस तेच वाक्य तोंडात घोळवत होते. लोक माझ्याकडं सल्ला मागायला यायचे ते याच दिवसांत. मी म्हणायची, टीव्ही घ्या, नवरा सुधारतो. अँटेना मात्र चांगला पाहून घ्या, आमचा खराब निघाला.

मग रंगीत टीव्ही स्वस्त झाले. चकत्यांवरचे सिनेमे आले, व्हीसीडी म्हणायचे त्याला. मला देवाजीची दया आली. हे वाक्य मी विचार करून लिहिलं आहे. माणूस दिवसभर उन्हात टपावर उभा राहतो, अँटेना फिरवतो, आणि पाहतात दुसरे. त्याला खाली सावलीत बसून आरामात पाहता आलं पाहिजे. म्हणून मी जुना टीव्ही विकून रंगीत घेतला, खाली व्हीसीडीचा डबा आणि बॅटरीतून घरची वीज करणारा इन्व्हर्टर. या वेळी दुकानदाराचं ऐकलं, लहानच घेतला. वायर जाणत्या माणसाकडून लावून घेतली. एकही चूक केली नाही. झोळीत तो असा बसला, जणू तिच्यासाठीच जन्मला होता.

“अँटेना?” देवाजीनं विचारलं.

“चहावाल्याले देऊन टाकला, टॉवेल वाळवाले. आता काही फिरवा लागत नाई. चकती टाकली का चित्र. तुमी बसा आता निवांत.”

तो सीटवर बसला. चित्र झकास होतं. त्यानं थोडा वेळ पाहिलं, मग छताकडं पाहिलं. म्हणाला, “बरं हाय.”

पहिली फेरी निभावली. दुसरीही. तिसऱ्या फेरीत, रांगेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी सिनेमा पाहत होते. तिकडं एका बाईचं लग्न मोडत होतं आणि मी पदर डोळ्याला लावून बसले होते. मी रडत नाही, पण चित्र रंगीत होतं. चकती संपली तेव्हा बाजूची सीट रिकामी दिसली. किती वेळापासून रिकामी, ते मला माहीत नव्हतं. ज्या बाईनं झाडामागंही नवऱ्याची पाठ सोडली नव्हती, ती दीड हातावर बसली होती आणि तिला कळलं नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. रांग सरकली होती. शोधायला उतरले असते तर नंबर गेला असता. म्हणून मी स्टिअरिंगवर सरकले आणि गाडी पुढं घेतली. पुन्हा सरकली, पुन्हा घेतली. नजर दुकानाकडं. त्या दिवशी रांगेला काय झालं होतं कोणास ठाऊक, चार दिवसांत जेवढी सरकायची नाही तेवढी तासाभरात सरकली. बघता बघता आमची गाडी फाटकाशी आली आणि समोर वजनाचा काटा. काट्याजवळ शेठ उभा होता. त्याच्या दुसऱ्या एका गाडीच्या कामानं आला होता.

त्यानं मला स्टिअरिंगवर पाहिलं. जवळ आला.

“बाई, देवाजी कुठी हाय?”

इतक्या वर्षांची सवय. तोंडातून आपोआप निघालं.

“टपावर हाय.”

शेठनं मान वर करून पाहिलं. मीही खिडकीतून डोकं काढून वर पाहिलं. टपावर काही नव्हतं. ठेवायला मीच काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

थोड्या वेळानं रशीदभाई देवाजीला खांद्याला धरून घेऊन आले. शेठनं त्याच्याकडं न पाहता माझ्यासमोर हात पसरला. मी गाडी बंद केली आणि किल्ली त्या हातावर ठेवली. रडत गेले नाही, कारण तसं आधीच ठरलं होतं. रशीदभाई शेठला काहीतरी समजावत होते, शेठ मान हलवत होता. त्यांची गाडी मागं थांबली होती आणि कधी नव्हे ते त्यांना नंबराची पर्वा नव्हती.

आम्ही बसनं आलापल्लीला आलो. झोळी सोडून तिच्यातच टीव्ही गुंडाळला होता, तो माझ्या मांडीवर. समोरच्या सीटवरची बाई म्हणाली, “लेकरू लय शांत हाय वो.” मी झोळीची गाठ आवळली.

तो टीव्ही पुढं सहा महिन्यांत विकला. देवाजी लाकडाच्या डेपोवर चौकीदार झाला. पुढची दोन-तीन वर्षं प्यायला, मग पोटानंच नाही म्हटलं तेव्हा सुटली. मी बसस्टँडवर भजी तळली. ट्रकवर कोणी परत घेतलं नाही, ना ड्रायव्हर म्हणून ना क्लिनर म्हणून. क्लिनर म्हणून मला घ्यायला हवं होतं. मी चांगली क्लिनर होते.

मध्ये बरीच वर्षं घरात टीव्ही नव्हता. मग भाचीनं तिचा जुना आणून दिला आणि छतावर डिश बसवायला माणूस बोलावला. देवाजी अंगणात खुर्ची टाकून बसला होता. गुडघे गेलेत, शिडी चढता येत नाही. त्या माणसानं डिश बसवली, खाली उतरला, हत्यारं गोळा करायला लागला.

देवाजीनं त्याला विचारलं, “हे फिरवा लागते का मंग?”

“नाई आबाजी. एकदा लावलं का झालं.”

देवाजी हसला. माणूस गेल्यावरही हसत होता.

“काऊन हसून राह्यले?” मी विचारलं.

“काही नाई. तो आपला अँटेना बी असाच होता.”

“असाच मंजे?”

“एकदा लावला का चित्र येत होतं. चांगला होता तो. मीच घालवत होतो.”

मी हातातला चहा खाली ठेवला.

“काऊन?”

“खाली उतरलो असतो तं गेलो असतो ना दुकानात. वरी असलो का सारी रांग पाहे माह्याकडं. हात गुंतले राहात.” त्यानं डिशकडं पाहिलं. “वरी बरं वाटे.”

माझ्या डोळ्यांसमोर चहावाल्याच्या टपरीमागं वाळणारे टॉवेल आले.

“अन् मी तो देऊन टाकला,” मी म्हटलं. “अजी, मंग सांगाचं ना तवा मले. तोंड नव्हतं का?”

“तू इचारलं कुठी?” देवाजी म्हणाला. “तू तं खालून सांगतच राहे. डावीकडं, उजवीकडं.”